नव्या डेकमागची काळी तार

गाडीत नवा डेक बसवला. दुकानासमोर उभ्या गाडीत ऐकला तेव्हा आवाज अगदी स्वच्छ होता. गाडी काटोलहून नागपूरच्या रस्त्याला लागली आणि गाण्यामागे एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, पाय सोडला की उतरते. आवाज कमी केला, गाणं थांबवलं, तरी ती आपली चालूच. कुणाच्या गाडीत शिट्टी नसते, पण कळमेश्वरहून काटोलकडे येताना रेडिओवर नुसती खरखर उरते. आणि कुणाची गाडी संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत दोन-तीन दिवस वावराच्या कडेला उभी राहिली की बॅटरी बसते. धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही.

या तिन्ही तक्रारींत लोक दोष देतात तो डेकला. “माल हलका निघाला” म्हणून डेक बदलतात, महागाचा आणतात, आणि शिट्टी त्यातूनही येते. कारण दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो, डब्यामागे कोंबलेल्या तारांच्या जुडग्यात असतो. त्यातही जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती काळी तार, म्हणजे अर्थिंगची, सगळ्यात जास्त घोळ घालते. डेक निवडताना आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ तो बसवताना शेजारी उभं राहून घालवला तरी पुष्कळ फरक पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी उभं राहून बघायचं काय, ते समजावं म्हणून हा लेख.

डबा बसतो कसा

आधी सोपी गोष्ट. जर्मनीत बनलेल्या गाडीचा डेक काढून त्या जागी जपानी कंपनीचा डेक बसतो, याचं कारण त्या खाचेचं माप ठरलेलं आहे. जर्मन मानक संस्थेच्या नावावरून त्याला ‘डिन’ म्हणतात. रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. हेच माप पुढे आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकात आलं. उंची दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर केली की ‘डबल डिन’. सात इंची स्क्रीन यात बसते. नऊ-दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन या खाचेत मावत नाही. ती गाडीच्या मॉडेलनुसार वेगळ्या प्लास्टिकच्या फ्रेमवर बसते, म्हणून तिच्यासाठी ‘कुठली गाडी, कुठल्या साली घेतलेली’ हे दुकानदार विचारतो.

खाचेचं माप जगभर एक झालं, तारांचं मात्र तसं झालं नाही. युरोपने तारांच्या जोडणीसाठीही मानक केलं, आयएसओ १०४८७: आठ-आठ पिनांचे दोन कपलर, एक विजेचा आणि एक स्पीकरचा. पण मारुती-सुझुकी, ह्युंदाई, टोयोटा यांचे आपापले कपलर आहेत. बाजारात त्या त्या गाडीचा जोड-कपलर मिळतो. त्याचं एक तोंड गाडीच्या कपलरमध्ये जातं, दुसरं डेकच्या. काही शे रुपयांची ही वस्तू. ती न घेता गाडीची मूळ तार कापून, सोलून, पीळ मारून डेकला जोडणं हा पुढच्या बहुतेक दुखण्यांचा पहिला मुहूर्त असतो. कापलेल्या तारेमुळे गाडीच्या वायरिंगची वॉरंटी अडचणीत येते, हे वेगळंच.

पिवळी, लाल, काळी

डेकच्या पाठीमागून निघणाऱ्या तारांचे रंग बऱ्यापैकी ठरलेले आहेत. पिवळी थेट बॅटरीची, चोवीस तास चालू. लाल चावीची, म्हणजे चावी फिरवली की तिच्यात करंट येतो. काळी अर्थिंगची.

एका डेकला बॅटरीच्या दोन तारा कशाला, हा रास्त प्रश्न आहे. डेकची खरी भूक पिवळी भागवते. घड्याळ, लावून ठेवलेली स्टेशनं, आवाजाची सेटिंग, हे सगळं तिच्यावरच जिवंत राहतं. लाल तारेतून फारसा करंट जात नाही, ती फक्त निरोप देते, “मालक आले, जागा हो” किंवा “मालक गेले, झोप.” दोघींची अदलाबदल झाली तर डेक वाजतो, पण चावी काढली की सगळं विसरतो. रोज सकाळी घड्याळ बारा दाखवत असेल तर डेक खराब नाही, पिवळीच्या जागी लाल लागली आहे. काही युरोपीय गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन पिनांची जागाच उलटी असते, त्यामुळे कपलर नीट बसूनही ही चूक होऊ शकते.

याहून महागात पडते ती दुसरी चूक. चावीची तार सापडली नाही, किंवा गिऱ्हाइकाला चावीशिवाय गाणी ऐकायची आहेत, म्हणून लाल आणि पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडतात. आता झोपायचा निरोप डेकला कधी मिळतच नाही. नुसतं बटणाने बंद केलेला डेक पडदा काळा करतो, आत मात्र जागाच राहतो. हिशेब करून बघा. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. झोपलेला डेक वीसेक मिलिअँपिअर खात असेल तर महिन्याभरात सुमारे १४ अँपिअर-तास जातात. गाडी तरीही सुरू होण्याची आशा असते. अर्धा अँपिअर खाणारा जागा डेक एका दिवसात १२ अँपिअर-तास पितो. दोन दिवसांत २४. तिसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता टिकटिकतो.

शंका असेल तर खात्री करता येते. इंजिन बंद, दारं लॉक, चावी दूर. अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले इतर कंट्रोलरही झोपायला वेळ घेतात. मग बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाच्या मार्गात मल्टिमीटर करंटच्या सेटिंगवर लावून वाचन घ्यायचं. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर डेकचा फ्यूज काढून बघायचा. आकडा झपकन पडला तर चोर तिथेच आहे. मीटर लावलेला असताना चावी मात्र फिरवायची नाही. स्टार्टरचा करंट मीटर जाळतो.

निळ्या तारेचं काम

रेडिओच्या खरखरीचा उलगडा याच जुडग्यात आहे. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून नागपूरपासून साठेक किलोमीटरवरच्या काटोलकडे येताना त्या क्षीण होत जाणं स्वाभाविक आहे. मध्यम लहरींचं तसं नाही. त्या जमिनीला धरून दूरवर पोचतात. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झवरचं प्रक्षेपण पिढ्यान्‌पिढ्या विदर्भाच्या खेड्यापाड्यांत ऐकलं गेलं ते त्यामुळे. पण एफएम शहराच्या वेशीवरच मरत असेल तर दोष अंतराचा नाही.

पूर्वी गाडीच्या अँटेना हातभर लांब असायच्या. आता छतावर बोटभर काडी असते. एवढ्याशा काडीला सापडतो तो सिग्नल दुबळा, म्हणून तिच्या बुडाशी एक छोटा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. ते पुरवते डेकची निळी तार. मूळ डेकमध्ये ही सोय आतून झालेली असते; बाहेरचा डेक बसवताना निळी तार कुठे लावायची हे न कळल्याने ती टेप गुंडाळून तशीच सोडून देतात. शहरात टॉवर जवळ असल्याने फरक कळत नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर तो कळतो. ही एक तार अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला पोचली की तोच रेडिओ पुष्कळ पुढपर्यंत बोलतो.

रेडिओबद्दल आणखी एक. स्टेशन स्पष्ट यायला लागतं आणि फोन चार्जिंगला लावला की पुन्हा खरखर, असं असेल तर सॉकेटमधला स्वस्त चार्जर काढून बघा. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना हे चार्जर सेकंदाला लाखो वेळा करंट चालू-बंद करतात. आत गाळणी नसेल तर तो गोंगाट थेट अँटेनात शिरतो.

‘५० वॅट गुणिले ४’ म्हणजे किती?

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नाही, पण गाणं वाजवताना तो कधीच मिळत नाही. गाडी चालू असताना वायरिंगमध्ये जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट असतात. डेकमधला ॲम्प्लिफायर फार तर हे सगळे व्होल्ट स्पीकरवर ढकलू शकेल. स्पीकरचा रोध ४ ओहम. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट: १४.४ गुणिले १४.४, भागिले ४. उत्तर ५१.८. खोक्यावरचे ‘५० वॅट’ आले ते इथून. पण त्यासाठी आवाजाची लाट सतत पूर्ण उंचीवर राहायला हवी, म्हणजे कानाला असह्य असा घरघराट. खऱ्या, स्वच्छ सुराची लाट वर-खाली होते; तिचे सरासरी वॅट याच्या निम्मे भरतात. चिपमधली गळती वजा केली की हातात राहतात १८ ते २२ वॅट. खोक्यावर बारीक अक्षरात ‘आरएमएस’ म्हणून दिलेला आकडा तोच. विकत घेताना तोच वाचायचा.

विश्वास बसत नसेल तर डेक उलटा करून बघा. मागे कपलरच्या शेजारी एक चपटा फ्यूज असतो. लाल असेल तर १० अँपिअरचा, निळा असेल तर १५ चा. २०० वॅट बाहेर काढायचे तर एक थेंबही वाया न घालवता आत १४ अँपिअर हवेत. नेहमीच्या ॲम्प्लिफायरमध्ये निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते, म्हणजे २५ अँपिअरच्या वर. १० अँपिअरचा फ्यूज हा करंट फार वेळ झेलणार नाही. कंपनीने तो लावला, कारण तिला ठाऊक आहे की डेक एवढं कधीच मागणार नाही.

आणि २० वॅट कमी नसतात. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जरासा मोठा वाटतो, इतकंच. उलट, ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर काढून ९० चा बसवला तर त्याच २० वॅटमध्ये ४० वॅटचं काम होतं. पैसे मोजकेच असतील तर ते पुढच्या दोन दारांच्या स्पीकरवर घालावेत.

शिट्टी येते कुठून

आता मुख्य प्रश्न. गाडीची बॅटरी चार्ज करतो तो अल्टरनेटर. पट्ट्याने इंजिनला जोडलेला. तो निर्माण करतो ती वीज उलटसुलट वाहणारी, घरच्यासारखी; पण तीन फेजची. सहा डायोड मिळून ती सरळ एका दिशेला वळवतात. वळवलेली वीज पूर्ण सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. साधारण अल्टरनेटरमध्ये चुंबकाचे १२ ध्रुव असतात. अशा वेळी एका फेऱ्यात ३६ लाटा उठतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर शांत चालू असताना, पुलीच्या अडीचपटीमुळे अल्टरनेटर २,००० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला ३३. गुणिले ३६: सेकंदाला १,२०० लाटा. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन २,४०० वर नेलं की ३,६००. सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनं, हा माणसाचा कान सगळ्यात तिखट असण्याचा पट्टा. शिट्टी पायाबरोबर चढते-उतरते, आणि इतकी टोचते, ती यामुळे.

लाटा प्रत्येक गाडीत असतात, शिट्टी मात्र प्रत्येक गाडीत नसते. म्हणजे काही गाड्यांत त्या लाटांना गाण्यात शिरायला वाट मिळते. ती वाट म्हणजे अर्थिंग.

गाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून प्रत्येक दिव्याला, पंख्याला वेगळी तार जाते, पण परतीची तार नसते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. सगळ्यांचा करंट त्याच पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. आपण समजतो की पत्रा म्हणजे शून्य व्होल्ट, कुठेही हात लावा. तसं नसतं. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत ठिबक ज्यांनी चालवलंय त्यांना हे लगेच समजेल. एकाच सबमेनवरून दोन प्लॉटना पाणी जातंय. शेजारच्या प्लॉटचा वॉल्व्ह उघडला की आपल्या लॅटरलमधलं प्रेशर पडतं, बंद केला की चढतं. आपण काहीच बदललेलं नसतं, पण पाइप सामाईक आहे. सांगाडा हा असाच सामाईक पाइप. पत्र्याच्या दोन टोकांत ओहमचा फक्त हजारावा भाग रोध धरा. त्यातून ४० अँपिअर वाहिले तर दोन टोकांच्या ‘शून्या’त ४० मिलिव्होल्टचा फरक पडतो. आणि करंटवर अल्टरनेटरच्या लाटा स्वार असल्याने हा फरकही त्याच चालीने थरथरतो.

दिव्याला, पंख्याला याने काही होत नाही. पण डिक्कीत वूफरसाठी वेगळा ॲम्प्लिफायर बसवला असेल तर? डेकचं अर्थिंग पुढे डॅशबोर्डमागे, ॲम्प्लिफायरचं मागे डिक्कीत. दोघांचं शून्य वेगळं. आणि गाण्याचा सिग्नल नेणारी आरसीए केबल या दोघांना जोडते. तिच्या बाहेरच्या जाळीला दोन्ही शून्यं चिकटलेली. मग सांगाड्यातला थोडा करंट या जाळीतूनही वाहायला लागतो. गाण्याचा हळू भाग केबलमध्ये काही मिलिव्होल्टचाच असतो, आणि लाटाही तेवढ्याच. ॲम्प्लिफायरला गाणं कुठलं आणि लाट कुठली हे ओळखता येत नाही. तो दोन्ही सारखंच मोठं करतो. डेकचं आवाजाचं बटण फिरवून शिट्टी कमी होत नाही, कारण ती बटणाच्या पुढच्या टप्प्यावर शिरलेली असते. फोन चार्जिंगला लावून ऑक्स केबलने गाणी लावली की अगदी हेच घडतं: चार्जरचं एक शून्य, डेकचं दुसरं, मध्ये केबल. ब्लूटूथवर तीच गाणी लावली की शिट्टी गायब, कारण जोडणारी तारच राहत नाही.

उपाय करण्याआधी शोध घ्यायचा. इंजिन चालू ठेवून ॲम्प्लिफायरची आरसीए केबल उपटून बघा. शिट्टी थांबली तर ती केबलमार्गे येते आहे. थांबली नाही तर ॲम्प्लिफायरचंच अर्थिंग कच्चं आहे. बऱ्याचदा असं दिसतं की काळी तार डिक्कीतल्या कुठल्यातरी स्क्रूखाली दाबलेली आहे, आणि त्या स्क्रूखाली रंग जसाच्या तसा. रंग म्हणजे वीज अडवणारा थर. चमकता पत्रा दिसेपर्यंत तो खरवडायचा, तारेला थिंबल दाबून बसवायचं, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळायचा, आणि गंजू नये म्हणून वरून ग्रीस लावायचं. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी कधीही उघडायचा नाही. अपघातात माणूस त्याच बोल्टवर लटकतो. डेकचं अर्थिंगही कपलरच्या बारीक तारेवर न सोडता, चांगल्या जागी पक्कं करायचं. बॅटरीची जाड तार गाडीच्या एका बाजूने न्यायची, आरसीए केबल दुसऱ्या बाजूने. ॲम्प्लिफायरचं गेन उगाच चढवलेलं असतं, ते उतरवायचं. एवढं केल्यावर सहसा शिट्टी राहत नाही. बाजारात ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची डबी मिळते; आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात, ते गाणं पुढे जाऊ देतात पण तारांचा थेट जोड तोडतात. ती शेवटचा उपाय म्हणून ठीक, कारण स्वस्त डबी शिट्टीबरोबर थोडा बेसही खाते.

गाडीतल्या रेडिओचा इतिहासच या गोंगाटाशी झगडण्यातून सुरू झाला. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या छोट्या कंपनीने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिलं. रेडिओ बनवणं तोवर अवघड राहिलं नव्हतं; अवघड होतं ते स्पार्क प्लगच्या ठिणग्यांचा कडकडाट त्यातून काढणं. त्या कामात एल्मर वेव्हरिंग हा तरुण होता. पुढे याच वेव्हरिंग यांनी मोटोरोलात मोटारीच्या अल्टरनेटरच्या विकासाची धुरा सांभाळली.

जाड तार, खरी तार

ॲम्प्लिफायर बसवायचाच असेल तर बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाचेक मीटर तार लागते. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तारेत, तांबं असलं तरी, ३० अँपिअरला वाटेतच पावणेदोन व्होल्ट संपतात. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.२ व्होल्टसुद्धा जात नाहीत. पण जाडी बघून फसू नका. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार बाजारात भरपूर आहे. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट. एक धागा ब्लेडने खरवडून बघायचा. आत पांढरा निघाला तर ॲल्युमिनिअम.

या तारेवर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, अर्ध्या मीटरच्या आत हवा. ॲम्प्लिफायरजवळच्या फ्यूजने ॲम्प्लिफायर वाचतो, तार वाचत नाही. इंजिनकडून आत येताना तार पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी बूच नसेल तर खडबडीत रस्त्यावर कड घासून घासून इन्सुलेशन कापलं जातं. मग बॅटरी थेट पत्र्यात रिकामी होते, शेकडो अँपिअरने. गाडीला आग लागायला एवढं पुरतं. या एका बाबतीत तडजोड करू नये.

बेस कुठे गेला?

चार नवे स्पीकर, तरी ढोलकी पोकळ वाजते. बहुधा एक स्पीकर उलटा जोडलेला असतो. एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो. बेसच्या लांबलचक लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. ओळखायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरे. स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवायचा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर उसळतो. चारही एकाच दिशेला उसळले पाहिजेत. डेककडच्या तारांत पट्टा असलेली तार मायनसची: पांढरी जोडी पुढच्या डाव्याची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची.

स्पीकरची मायनस तार पत्र्याला कधीच लावायची नाही. फार जुन्या टेपमध्ये ते चालायचं. आताच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांत करंट खेळतो. मायनस बॉडीला टेकली तर चिप जळू शकते.

वैशाखातलं डॅशबोर्ड

आपल्याकडचा उन्हाळा कुठल्याही परदेशी पुस्तिकेत लिहिलेला नसतो. पारा ४५ वर असताना उन्हात बंद उभ्या गाडीचं डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे सहज जातं. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड एका उन्हाळ्यानंतर उघडून बघा. गोंद पाघळून तारेवर चिकट काळा राप झालेला असतो, टेप सैल होऊन खाली सरकलेली, आणि उघडं तांबं शेजारच्या जोडापासून नखभर अंतरावर. पावसाळ्यात ते हिरवं पडतं. म्हणून जोड झाळून घ्यावा किंवा दाबून बसवायच्या नळीत करावा, वरून गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवावी, आणि जुडग्याला कापडी टेप गुंडाळावी. कापडी टेपने तारा आतल्या आत खडखडतही नाहीत. अँड्रॉइड स्क्रीन मे महिन्यात अडकत असेल तर ती दुरुस्तीला नेण्याआधी काचा उघडून, एसी लावून दहा मिनिटं थांबून बघावं. प्रोसेसर तापला की तो स्वतःहून मंद होतो.

> चौकट: डेक बसवून घेताना
> काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढायला सांगा. गाडीची तार कापू देऊ नका, जोड-कपलर मागा. लाल आणि पिवळी वेगळ्या लागल्या आहेत ना, निळी मोकळी तर नाही ना, हे डॅशबोर्ड बंद होण्यापूर्वी डोळ्यांनी बघा. अर्थिंगखाली रंग खरवडलेला असावा. बॅटरीच्या तारेवर फ्यूज बॅटरीपाशीच हवा. दुकानासमोर गाणं मोठ्याने लावून ऐकू नका. उलट गाणं थांबवा, इंजिनचा वेग वाढवा, हेडलाइट आणि पंखा चालू करा, आणि मग कान द्या.

चावीचीच तार नसते तेव्हा

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत डेकच्या कपलरमध्ये चावीची लाल तार शोधून सापडत नाही. ती नसतेच. चावी फिरली, हेडलाइट लागले, स्टिअरिंगवरचं आवाजाचं बटण दाबलं, हे सगळं दोन पीळ मारलेल्या तारांवरून आकड्यांच्या निरोपांनी फिरतं. कॅन नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. एकाच जोडीवर इंजिन, ब्रेक, डॅशबोर्ड सगळे बोलत असतात. अशा गाडीत बाहेरच्या डेकला दुभाष्या लागतो. त्याला कॅनबस बॉक्स म्हणतात. तो निरोप वाचून डेकला लालऐवजी १२ व्होल्ट देतो आणि स्टिअरिंगची बटणंही चालू ठेवतो. हा बॉक्स त्याच मॉडेलचा हवा. जवळपासच्या मॉडेलचा लावला तर गाडी झोपत नाही, किंवा डॅशबोर्डवर नको ते दिवे लागतात.

अशा गाडीत तार हुडकायला दिव्याचा टेस्ट लॅम्प वापरू देऊ नये. जुन्या बोलेरोत, मारुती ८०० मध्ये तो उत्तम होता. चार तारांना टोचून बघितलं की काम झालं. पण २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. कॅनच्या तारेला हा भार लागला तर कंट्रोलर बिघडू शकतो, आणि एअरबॅगचा स्फोटक पेटवायला एवढा करंट पुरेसा असतो. एअरबॅगचं वायरिंग सहसा पिवळ्या आवरणात किंवा पिवळ्या कपलरमध्ये असतं. डेकची पिवळी एक बारीक तार असते, एअरबॅगचा पिवळा पूर्ण जुडगा. त्याला कुणी हातही लावायचा नाही. व्होल्ट मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. त्याचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेतून तो अँपिअरचा जेमतेम दशलक्षांश भाग घेतो, आणि गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही.